भूत नाही, चुंबक आहे!

जिथं वस्तू आपोआप हलतात, तिथं किस्से साठायला वेळ लागत नाही. मी पापडाच्या कारखान्यात असते तर मैत्रिणींना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. पण मी होते परभणीला, जिंतूर रोडच्या अंगाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं वाघमारे साहेब विजेच्या मोटारी करायचे. मोटार म्हटलं की लोकांना विहिरीवरची आठवते. आमची तळहातावर मावायची!

कारखाना म्हणजे चार माणसं. साहेब, लेथवर लोखंड कातायला इस्माईलभाई, आणि तार गुंडाळायला आम्ही दोघी. एक मी, सुशीला, मॅट्रिक झालेली. दुसऱ्या रुक्मिणबाई, पिंगळीहून रोज रेल्वेनं यायच्या, वयानं माझ्याहून मोठ्या.

पंखा एकदा सुटला की गरगर फिरत राहतो. आमची मोटार तशी नव्हती. विजेचा एक झटका दिला की ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची. दुसरा दिला की दुसरं पाऊल. पुण्याच्या एका कारखान्याच्या यंत्रात तिनं कागद पावला-पावलानं पुढं सरकवायचा, एवढंच तिचं काम. रुक्मिणबाई म्हणायच्या, "नवी नवरी हाय ही. सासूनं हाक मारल्याबिगर हालत न्हाई!"

*

माझ्या पहिल्याच दिवशी साहेबांनी एक तयार मोटार हातात दिली. म्हणाले, "दांडी फिरवून बघा."

वायर कुठंच जोडलेली नव्हती. मी दांडी दोन बोटांत धरून फिरवली. ती सरळ फिरेना. जरा फिरली की आतून कुणीतरी टक्कन धरायचं. जोर लावला की सोडायचं, आणि पुढं गेलं की पुन्हा धरायचं.

"लाईट नाही, तरी आत कोण आहे?" मी विचारलं.

साहेब पुढं वाकले. मोटारीतून बाहेर आलेल्या वायरींची टोकं त्यांनी एकमेकांना जोडली. "आता फिरवा."

दांडी जड झाली. मी जेवढ्या जोरानं फिरवावी, तेवढ्या जोरानं आतलं कुणी मागं ओढत होतं. टोकं सोडवली की पुन्हा हलकी. मी मोटार हळूच टेबलावर ठेवली आणि हात पदराला पुसला.

रुक्मिणबाई शेजारी तार गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्या तर रोज घरी जाताना तिला राम राम घालते. उगं वैर कशाला?"

"बाई," साहेब हसून म्हणाले, "भूत नाही, चुंबक आहे!"

साहेबांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून त्यांच्या घरात अंगारा-धुपारा बंद, भुताखेतांचं नाव बंद. पुण्याची नोकरी सोडून गावाकडे आलेला हा माणूस कशालाच भ्यायचा नाही. ते वाक्य पुढं आम्ही इतक्या वेळा ऐकलं की साहेबांनी तोंड उघडायच्या आधी आम्हीच म्हणायचो.

*

आमच्या मोटारीला एक खोड होती. झटके देणाऱ्या पेटीवर वेग वाढवायचं बटण असायचं. सावकाश चालवली तर मोटार शहाण्यासारखी चालायची. जोरात चालवली तरी चालायची. पण मधे एक जागा अशी यायची की तिचं अंग कापायला लागायचं. आवाज बदलायचा, मुलानं रडू कोंडून धरावं तसा व्हायचा. आणि मग ती उलटी चालू लागायची! बटण तेच, वायरी त्याच, हुकूम पुढं चालण्याचा, आणि ही बाई मागं मागं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा भर दुपारी अंगावर काटा आला.

"हिला चकवा लागलाय," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आमच्या शिवारात आसाच लागतो. मानूस म्हनतंय म्या घराकडं चाललो, अन् चाललेला आसतो वढ्याकडं."

इस्माईलभाई लेथ थांबवून जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हमारे गाँव में एक थी, उलटे पाँव की. सूरत बहुत अच्छी. बस, पाँव देखना नहीं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? लोकांनी पायच बघितले!"

बटणावरच्या त्या खुणेला आम्ही 'चकव्याची जागा' म्हणू लागलो. पुढं पुढं साहेबच विचारायचे, "सुशीलाबाई, चकवा अजून किती लांब आहे?"

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पुण्याहून मोटारी परत यायला लागल्या होत्या. साहेबांनी बरेच दिवस डोकं धरून काढले. शेवटी दांडीवर एक बारीक डबी बसवली, तिच्यात पितळेची एक सैल कडी, आणि कडीभोवती दाट तेल. दांडी कापायला लागली की तेलात बुडालेली कडी तिला मागून धरून शांत करणार, असा विचार. तेल मी घरून आणलं, एरंडेल. डबी भरली, बटण फिरवलं, चकव्याची जागा आली आणि गेली. मोटार कापली नाही!

इस्माईलभाई रुक्मिणबाईंना म्हणाले, "लहानपणी अम्मानं मला पन एरंडेल पाजलं होतं. माझं पन सगळं भूत असंच उतरलं!"

*

एका मोटारीचा चकवा मात्र एरंडेलानंही जाईना. रुक्मिणबाई शनिवारी पोखर्णीला गेल्या आणि नरसिंहाचा अंगारा पुडीत बांधून घेऊन आल्या. साहेब जेवायला गेलेले बघून त्यांनी मोटारीला चिमूटभर लावला, आणि थोडा आत सोडला.

दुपारी साहेबांनी वीज दिली. मोटार कापली नाही, उलटी गेली नाही, रडली नाही. हललीच नाही!

साहेबांनी ती उघडली. फिरणारा दातेरी तुकडा आणि भोवतालच्या दातांमध्ये पतंगाच्या कागदाएवढीच फट असते. ती फट राखेनं भरली होती. साहेबांनी राख बोटावर घेतली, बघितली, आणि रुक्मिणबाईंकडे बघितलं.

"तुमच्या देवानं भूत धरलं खरं," ते म्हणाले, "पण मोटारीसकट!"

*

आता जरा वेगळं सांगते. मे महिना होता, दुपारची वेळ. लाईट गेलेली. पत्रा तापून टणटण वाजत होता, बाहेर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. साहेब खुर्चीत टेकले होते. तपासणीसाठी दोन मोटारी एकमेकींना वायरींनी जोडून ठेवल्या होत्या, एक आमच्या टेबलावर आणि दुसरी पार शेडच्या टोकाला, इस्माईलभाईंच्या लेथपाशी. दोन्हींच्या दांड्यांवर काटे लावलेले.

रुक्मिणबाईंना गप्प बसवत नसे. त्या आपल्या पुढच्या मोटारीची दांडी बोटांनी झटक्यानं फिरवत बसल्या होत्या.

"या अल्ला!" इस्माईलभाई स्टुलावरून उठलेच. त्यांच्यापुढचा काटा फिरत होता. लाईट नाही, बॅटरी नाही, हात लावणारं कुणी नाही. रुक्मिणबाई थांबल्या, काटा थांबला. रुक्मिणबाईंनी उलटं फिरवलं, काटा उलटा फिरला.

रुक्मिणबाईंनी मोटारीवरचा हात असा काढला, जसा तव्यावरून काढतात.

साहेब मात्र पोरासारखे आनंदले. म्हणाले, "अहो, ही दांडी फिरली की आतला चुंबक फिरतो, चुंबक फिरला की तारेत थोडीशी वीज तयार होते, आणि ती वीज जाऊन त्या दुसरीला फिरवते. इकडचं बोट तिकडं पोचतं, एवढंच!"

"बोट इथं, अन् सुई तिथं," इस्माईलभाई म्हणाले. "साहेब, इसको क्या बोलते?"

आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "भूत नाही, चुंबक आहे!"

"ठीक आहे," ते म्हणाले, "पन मी घरी तुमच्या भाबीला दुसरंच सांगनार!"

*

साहेबांचा एक स्वभाव सांगायला हवा. चालती वस्तू त्यांना बघवायची नाही. "चांगली चालतीय, एवढी जराशी सुधारणा बाकी आहे," असं म्हणून ते ती उघडायचे. शेडमधला रेडिओ असाच एकदा उघडला. त्या दिवसापासून त्यावर फक्त हैदराबाद लागायचं, तेही रेडिओ आडवा ठेवला तर! रुक्मिणबाई आपला डबा साहेबांपासून लांब ठेवायच्या. म्हणायच्या, "न्हाई तर भाकरीत बी सुधारना करतील."

हसायचो आम्ही तेव्हा.

*

दिवाळीच्या मागं-पुढं इस्माईलभाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताचीही दोनच बोटं नीट हलायची, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट.

ते शेडला लागूनच्या खोलीत राहायचे. मधे एकच भिंत. त्यांच्या बायकोला, खैरूनभाबींना, चार घरची कामं, त्यामुळे दिवसा ते एकटेच पडून असायचे. एके दिवशी ते बाजेवरून खाली पडले. भाबी दिवस मावळताना आल्या तेव्हा जमिनीवरच होते, आणि गालावर मुंग्या चढल्या होत्या. भिंतीच्या अलीकडे आम्ही दिवसभर काम करत होतो, बोलत होतो, एका गोष्टीवर तर पोट धरून हसलो होतो.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी डबाही उघडला नाही. मग म्हणाले, "हाक मारता आली पाहिजे त्यांना."

"दोरीला घंटी बांधा," रुक्मिणबाई म्हणाल्या.

"दोरी ओढायला हात लागतो, बाई. त्यांना दोन बोटं आहेत." मग साहेब एकदम उठले. "विजेची घंटी लावावी तर इथं लाईटीचा भरवसा नाही. पण ती मे महिन्यातली मोटार... ती लाईटीशिवाय बोलते!"

आणि इथं आमची गंमत झाली. इतके दिवस आम्ही मोटार घट्ट कशी धरेल हे बघत आलो होतो. आता तिला सोडायला शिकवायचं होतं. आतलं ते टक्कन धरणं इस्माईलभाईंच्या बोटांना झेपणारं नव्हतं. साहेबांनी आतला दातेरी तुकडा दोन चकत्यांचा केला आणि एका चकतीचे दाते दुसरीच्या दात्यांपासून केसभर सरकवून बसवले. एक चकती धरू लागली की दुसरी सोडू लागते. आम्ही दोघींनी तार अशी गुंडाळली की मधे हवाही राहू नये. पण कातकाम करायला इस्माईलभाई नव्हते. लेथ साहेबच चालवायचे, आणि तुकड्यांमागून तुकडे वाया जायचे.

मोटार व्हायची, बाजेला लावायची, भिंतीच्या भोकातून तिच्या वायरी आमच्याकडच्या मोटारीला जोडायच्या, इस्माईलभाई दोन बोटांनी तिच्या दांडीवरची लाकडी चकती फिरवायचे, त्यांच्या कपाळावर घाम यायचा, आणि आमच्या टेबलावरचा काटा हलायचा नाही. साहेब ती काढून आणायचे. पुन्हा लेथ. एकदा मोटार काढताना इस्माईलभाईंनी साहेबांची करंगळी दोन बोटांत धरून ठेवली. सोडेनातच. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आमच्या टेबलावरच्या मोटारीचा काटा झाडूच्या काडीचा केला होता, हलका. ठरलं होतं असं की उजवीकडे फिरला म्हणजे 'या', डावीकडे म्हणजे 'नको'. एक दिवस साहेब लेथवर होते, नवी मोटार नुकतीच पलीकडे लावून आले होते. आणि झाडूची काडी हलली. डावीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा.

आम्ही ओरडलो. सगळे पलीकडे पळालो. इस्माईलभाईंचे डोळे भिंतीवर, जिथून लेथचा आवाज येत होता तिथं, आणि बोटं चकतीवर. डावीकडे, डावीकडे.

भाबी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बोलते, तुम्हारी लेथ ग़लत चल रही है."

रुक्मिणबाई म्हणाल्या, "वाचा गेली, पन शिव्या द्यायचं गेलं न्हाई!"

*

त्यानंतर इस्माईलभाई भिंतीपलीकडून कारखाना चालवू लागले. लेथ चुकली की काटा डावीकडे. पाणी हवं असलं की उजवीकडे. बाज उन्हात आली की उजवीकडे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की काटा हलला की रुक्मिणबाई "आले, आले" म्हणत उठायच्या.

एका दुपारी मात्र काटा वेगळाच हलायला लागला. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे, सावकाश, श्वास घेतल्यासारखा. मी उठून बघायला गेले. भाबी उंबऱ्यात गहू निवडत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

इस्माईलभाई गाढ झोपले होते. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. आणि दोन बोटं चकती फिरवत होती. थोडी पुढं, थोडी मागं. लेथचं हँडल फिरवताना त्यांचा हात अगदी असाच चालायचा.

मी परत आले. रुक्मिणबाईंनी विचारलं, "काय म्हनत्यात?"

"काही नाही," मी म्हटलं. "कामावर आहेत."

*

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

बाजेवरची मोटार छान चालत होती. फक्त एका जागी चकती किंचित अडायची. साहेबांना ते बघवेना. एके दिवशी दुपारच्या आधी ते मोटार काढून घेऊन आले.

"चालतीय ती चालू द्या की," रुक्मिणबाई म्हणाल्या. "त्या मानसाचं तोंड हाय ते."

"एवढी जराशी सुधारणा बाकी आहे, बाई. तासाभरात परत बसवतो."

साहेबांनी मोटार उघडली. ताटलीत तारेची गुंडाळी, बाजूला झाकण, स्क्रू. चुंबकाचा तो दातेरी तुकडा त्यांच्या हातात, फडक्यानं पुसत होते. भिंतीच्या भोकातून पलीकडे गेलेल्या वायरींची टोकं बाजेखाली मोकळी लोंबत होती.

लाईट गेली होती. लेथ बंद होती. नळाला पाणी आल्याचा गलका रस्त्याच्या पलीकडून ऐकू येत होता. बाकी सगळं शांत.

काटा उजवीकडे फिरला.

मी रुक्मिणबाईंकडे बघितलं. त्या काट्याकडे बघत होत्या. मला वाटलं, वारा असेल. टेबलावर माझ्या कागदाची कडसुद्धा हलत नव्हती.

काटा पुन्हा उजवीकडे फिरला. पुन्हा.

साहेबांनी मान वर केली. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग आपल्या हातातल्या तुकड्याकडे. त्यांचं फडकं तिथंच थांबलं. आम्ही तिघंही जागचे हललो नाही.

रुक्मिणबाईच आधी भानावर आल्या. "बघत काय बसलाव? बोलवायलेत की!"

आम्ही पळालो. खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकललं तर आत धूर. भाबी नळावर गेल्या होत्या, मागं स्टोव्ह भडकला होता. पडदा जळून खाली आला होता आणि बाजेवरच्या गोधडीचं टोक पेटलं होतं. साहेबांनी गोधडी हातानंच ओढून बाहेर फेकली. रुक्मिणबाईंनी एकटीनं बाज दारापर्यंत ओढत आणली. मी माठ उचलून तसाच स्टोव्हवर आणि पडद्यावर रिकामा केला.

इस्माईलभाईंच्या पायजम्याची कड तेवढी करपली होती. अंगाला काही लागलं नव्हतं.

धूर निवळला तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. तो बाजेच्या लाकडावर होता, मोटार असायची त्याच जागी. आता तिथं स्क्रूची भोकं होती फक्त. आणि त्यांची दोन बोटं अजून फिरत होती. हवेत. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे.

साहेब बाजेपाशी खाली बसले. त्यांनी आपला एक हात त्या बोटांवर ठेवला, तेव्हा कुठं ती थांबली.

रुक्मिणबाई धुरानं आलेलं डोळ्यांचं पाणी पदरानं पुसत होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हना की आता साहेब. भूत न्हाई, चुंबक हाय म्हना."

चुंबक साहेबांच्या दुसऱ्या मुठीत होता.